बालपणीचे घाव आणि तालमीची माती

१८८२ साली 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याचे लिहिले आणि त्यापायी टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ज्या पत्रव्यवहाराच्या आधारे त्यांनी दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले होते, तो बनावट ठरला. पण ज्यांच्याविषयी हे सारे लिहिले गेले ते चौथे शिवाजी महाराज पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात एका इंग्रज सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर वारले. आठव्या वर्षी दत्तक येऊन गादीवर बसलेला, पुढे वेडा ठरवून घरापासून दूर ठेवलेला हा मुलगा गेला तेव्हा वीस वर्षांचा होता.

त्याच गादीवर १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंत दत्तक आला. आई तो तीन वर्षांचा असतानाच गेली होती. दत्तकविधानानंतर दोन वर्षांत वडीलही गेले. पुढे राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण, फ्रेझर यांच्यासारखा गुरू, आणि जन्मभर पुरलेले कुस्तीचे वेड. हेच राजर्षी शाहू महाराज. एकाच गादीवरची, लहानपणीच मायेच्या माणसांपासून तुटलेली ही दोन मुले. विशीच्या उंबरठ्यावर एकाचे आयुष्य संपले आणि दुसऱ्याने राज्याची सूत्रे हाती घेतली.

दोन आयुष्यांवरून नियम काढता येत नाही आणि सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या मनाचे निदान आज करणेही बरोबर नाही. तरी त्यांच्यामुळे जो प्रश्न मनात येतो, तो आज शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, राजाराम कॉलेजच्या मैदानावर, गंगावेश आणि मोतीबाग तालमीच्या हौद्यात जिवंत आहे. लहानपणी घरातला मार, बापाची दारू, कुणाचे मरण, पूर, अपमान सोसून आलेले मूल अठराव्या वर्षी कॉलेजात येते, तेव्हा व्यायाम त्याला सावरतो का? सावरत असेल तर घामामुळे, की घाम गाळताना शेजारी कोणी असते म्हणून? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर यावर पुष्कळ काम झाले आहे. त्यातले पक्के काय, कच्चे काय आणि कोल्हापूरला लागू पडणारे काय, ते इथे क्रमाने पाहू.

घाव मोजायचा कसा

या चर्चेची आजची भाषा घडली ती अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात, आणि तीही वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात. १९८०च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्या लक्षात आले की ज्यांचे वजन चांगले उतरत होते, नेमके तेच रुग्ण मधेच उपचार सोडून जात होते. बोलते केल्यावर त्यांच्यापैकी अनेकांनी लहानपणी सोसलेल्या अत्याचारांविषयी सांगितले. पुढे फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेच्या साडेनऊ हजार प्रौढांना बालपणाविषयी प्रश्न विचारले. मारहाण, लैंगिक अत्याचार, मानसिक छळ, आईला होणारी मारहाण, घरातले व्यसन, मानसिक आजार, तुरुंगवास असे सात प्रकार. नंतर त्यांत भर पडून ते दहा झाले. १९९८ मध्ये निष्कर्ष छापून आले. निम्म्याहून अधिक लोकांनी किमान एक प्रकार सांगितला होता, आणि ज्यांनी चार किंवा अधिक सांगितले त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण एकही न सांगणाऱ्यांपेक्षा चार ते बारा पट आढळले.

आपल्याकडे २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. महाराष्ट्र त्या तेरांत होता. तीनांपैकी दोन मुलांनी शारीरिक मार खाल्ल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास नोंदवला. मुलींइतकेच मुलगेही त्यात होते, आणि वाचणाऱ्यांना याच गोष्टीचा सर्वाधिक धक्का बसला. पुढे २०१२ मध्ये पोक्सो कायदा आला. मात्र २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे कोल्हापुरातल्या विद्यार्थ्याच्या मनाविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा इतरांच्या आकड्यांवरून अंदाज बांधत असतो.

आकड्यांच्या आधी यादीकडे पाहायला हवे. सॅन डिएगोची यादी तिथल्या घरांवरून बनली. तीत आईवडिलांचा घटस्फोट आहे. आपल्याकडे बऱ्याचदा कागदावर घटस्फोट होत नाही. आई पोरे घेऊन माहेरी येते आणि पंधरा वर्षे मामाच्या घरी राहते. त्या यादीत जातीवरून झालेला अपमान नाही. ऊसतोडीच्या टोळीबरोबर दर दिवाळीनंतर बीडहून कोल्हापूरच्या कारखान्यांकडे येणारे आणि अर्धे वर्ष शाळेबाहेर राहणारे मूल नाही. पंचगंगेचा पूर तर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे आंतरराष्ट्रीय वापरासाठी जी प्रश्नावली केली तीत सवंगड्यांकडून होणारा छळ, वस्तीतली हिंसा, सामूहिक हिंसा यांचा समावेश झाला, हे मोठे पाऊल होते. तरी नैसर्गिक आपत्ती आणि हंगामी स्थलांतर तिच्याही बाहेरच राहतात.

दुसरा प्रश्न आठवणीचा आहे. विशीतल्या मुलाला लहानपणाविषयी विचारले तर तो जे सांगतो, ते आणि त्या काळातल्या नोंदी जुळतात का? २०१९ मध्ये बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी सोळा अभ्यासांतल्या २५ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून हे तपासले, तेव्हा मेळ फार थोडा निघाला. बालपणी ज्यांच्या छळाची नोंद झाली होती त्यांतल्या निम्म्या जणांनी मोठेपणी तो सांगितला नाही. मोठेपणी सांगणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची जुनी नोंद नव्हती. यावरून कोणी खोटे बोलते असे ठरत नाही. नोंद न होणे ही तर आपल्या गावांतली रोजची गोष्ट आहे. पुढच्याच वर्षी डनीज आणि विडम यांनी दाखवले की मोठेपणीच्या मानसिक त्रासाशी अधिक घट्ट नाते असते ते माणसाच्या स्वतःच्या आठवणीचे. नुसत्या सरकारी नोंदीचे ते तितके नसते. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत अर्थपूर्ण निष्कर्ष हाच आहे. आठवण बदलू शकते, तिला नवी संगत, नवा अर्थ मिळू शकतो, आणि म्हणूनच कॉलेजच्या वयात काही करण्याला जागा उरते.

याच धाग्यातली एक सूचना कॉलेजांनी लक्षात ठेवावी. मूळ अभ्यासाचे कर्ते अँडा यांनीच २०२० मध्ये बजावले की प्रतिकूल अनुभवांची ही गुणसंख्या समाजाचे चित्र काढण्यासाठी आहे, एकेका माणसाचे भवितव्य सांगण्यासाठी नाही. प्रवेशाच्या वेळी अर्जासोबत अशी प्रश्नावली भरून घ्यायची आणि गुणांवरून मुले वेगळी काढायची, याला शास्त्राचा आधार नाही. हवाई बेटांतल्या कौआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर यांनी अनेक दशके घेतला. अत्यंत हलाखीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले भक्कम, प्रेमळ, कर्ती माणसे झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे आईवडिलांखेरीज जीव लावणारे एखादे मोठे माणूस. कुणाची आजी होती, कुणाची शेजारीण, कुणाचे शिक्षक.

व्यायामाचे माप

व्यायामाने मन हलके होते हे सांगायला कोल्हापूरकराला संशोधन लागत नाही. पण किती हलके होते, कुणाचे होते आणि किती काळ टिकते, हे मात्र मोजूनच कळते.

१९९९ मध्ये ड्यूक विद्यापीठात ब्लुमेन्थाल यांनी नैराश्य असलेल्या १५६ मध्यमवयीन आणि वृद्ध रुग्णांचे गट पाडले. कुणाला व्यायाम, कुणाला औषध, कुणाला दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. त्यानंतर अभ्यासांचा पूर आला. २०२२ मध्ये पिअर्स आणि सहकाऱ्यांनी १ लाख ९१ हजार लोकांच्या माहितीवरून दाखवले की शिफारस केलेल्या हालचालीच्या निम्मी जरी केली तरी पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी कमी दिसतो, आणि पूर्ण केली तर २५ टक्क्यांनी. म्हणजे पहिल्या थोड्या पावलांचा लाभ सर्वांत मोठा. रंकाळ्याला एक फेरी मारणाऱ्याने दहा फेऱ्या मारणाऱ्याकडे पाहून खट्टू होण्याचे कारण नाही. २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापलेल्या २१८ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात चालणे-पळणे, योग आणि ताकदीचे व्यायाम हे तिन्ही नैराश्यावर उपयोगी ठरले.

दुसरी बाजूही तितक्याच आस्थेने ऐकायला हवी. त्याच आढाव्याने सांगितले की बहुतेक चाचण्यांच्या पद्धतीत त्रुटी आहेत. जो पळतो त्याला आपण पळतो हे ठाऊक असते, त्यामुळे 'मला बरे वाटते' या उत्तरात आशेचाही वाटा असतो. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात ३९ चाचण्या एकत्र केल्या तेव्हा मध्यम लाभ दिसला, पण फक्त सर्वांत काटेकोर चाचण्या उरवल्या तेव्हा तो जवळपास विरला. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या ३६१ रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत व्यायामासाठी मार्गदर्शन आणि प्रोत्साहन दिले गेले. त्यांची हालचाल वाढली, नैराश्य मात्र इतरांपेक्षा कमी झाले नाही. म्हणून आज प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते: व्यायामाचा लाभ खरा असावा, तो लहान ते मध्यम आकाराचा आहे, आणि गंभीर आजारात तो उपचाराच्या जोडीला येतो, त्याची जागा घेत नाही.

दोन्ही धागे एकत्र

बालपणीचा घाव, व्यायाम आणि मनाची स्थिती यांना एकत्र पाहणारे अभ्यास मुख्यतः तीन प्रकारची उत्तरे देतात.

पहिले उत्तर असे की घावामुळे मूल हालचालच सोडते, आणि हालचाल सुटल्यामुळे मन आणखी खचते. ऐकायला पटते. पण २०१७ मध्ये ह्यूज आणि सहकाऱ्यांनी ३७ अभ्यासांतल्या अडीच लाखांवर लोकांची माहिती जुळवली, तेव्हा प्रतिकूल बालपणाचे नाते व्यसन आणि स्वतःला इजा करणे यांच्याशी अत्यंत घट्ट निघाले, तर व्यायामाच्या अभावाशी अगदीच सैल. म्हणजे जखमी मूल आळशी असते, मैदानावर येत नाही, हा समज सोडून दिलेला बरा. ते मैदानावर असू शकते. पहिल्या रांगेतही असू शकते.

दुसरे उत्तर म्हणते की व्यायाम ढालीसारखा काम करतो: घाव तोच, पण व्यायाम करणाऱ्याला त्याची झळ कमी. चीनमधल्या विद्यापीठांतून गेल्या काही वर्षांत अशा निष्कर्षांचे पुष्कळ अभ्यास आले. त्यांची अडचण अशी की बहुतेकांत सारे प्रश्न एकाच दिवशी, एकाच कागदावर विचारलेले असतात. बालपण कसे होते, किती पळता, मन कसे आहे? आज उदास असलेल्या मुलाला बालपणही काळे आठवते आणि त्याचे पाऊलही बाहेर पडत नाही. मग कशामुळे काय झाले हे ठरवायचे कसे? मॅक्सवेल आणि कोल यांनी २००७ मध्ये गणिताने दाखवले की अशा एकवेळच्या माहितीवरून कार्यकारणाची साखळी जोडली तर उत्तर मोठ्या प्रमाणात चुकू शकते.

तिसरे उत्तर मला सर्वांत विचार करण्यासारखे वाटते. ते सांगते की काम करते ती सोबत. २०१९ मध्ये ईस्टरलिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका दीर्घकालीन अभ्यासातून, बालपणी प्रतिकूल अनुभव आलेल्या सुमारे ४,९०० जणांचा शोध घेतला. शाळेच्या वयात जे सांघिक खेळ खेळले होते, त्यांच्यात पंचविशी-तिशीत नैराश्य आणि चिंतेचे निदान कमी होते. इथे व्यायाम आधी आणि परिणाम काही वर्षांनी, असा काळाचा क्रम तरी आहे. तरीही शंका उरतेच: संघात निवडले कोण जाते? ज्याला बूट मिळतात, ज्याला घरून सोडतात, ज्याच्याशी इतर मुले बोलतात. निवडीचाच लाभ खेळाच्या नावावर जमा होत असेल, तर तो वेगळा कसा काढायचा? चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग या नेमक्या प्रश्नावर फार थोडे आहेत. एक उल्लेखनीय प्रयोग योगाचा आहे. व्हॅन डर कोल्क यांनी २०१४ मध्ये दीर्घकाळ आघाताच्या आजाराने त्रस्त आणि उपचारांना दाद न देणाऱ्या ६४ स्त्रियांवर तो केला. दहा आठवड्यांनी योग गटातल्या निम्म्या स्त्रिया आजाराच्या निकषांतून बाहेर आल्या. आरोग्यविषयक चर्चेच्या गटात हे प्रमाण पाचांत एक होते. आशा वाटावी असा निकाल आहे, पण स्त्रिया ६४ आणि वयाने आपल्या विद्यार्थिनींपेक्षा मोठ्या.

कोल्हापुरात व्यायाम म्हणजे काय

परदेशी प्रश्नावलीत 'गेल्या आठवड्यात किती मिनिटे व्यायाम केलात' असा एकच रकाना असतो. कोल्हापुरात त्या रकान्यात किमान चार वेगवेगळी जगे बसवावी लागतील.

पहिले जग तालमीचे. शाहू महाराजांनी गावोगावच्या मल्लांना आश्रय दिला, रोमची जुनी रंगभूमी पाहून आल्यावर खासबागेचे मैदान उभारले आणि त्याच काळात, १९०१ पासून पुढे, व्हिक्टोरिया मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, मिस क्लार्क अशी वसतिगृहे एकामागून एक काढली. या दोन कामांकडे आपण सहसा वेगवेगळे पाहतो. एक हौसेचे, एक समाजकारणाचे. या चर्चेच्या प्रकाशात पाहिले तर ती एकाच गोष्टीची दोन अंगे दिसतात. गावातून एकटे आलेल्या मुलाला झोपायला जागा, जेवायला पंगत, आणि कुणाचा तरी हात पाठीवर. तालमीत पहाटे माती उकरताना, जोर-बैठका काढताना, लढतीनंतर एकमेकांच्या अंगाला माती लावताना मुलगा एकटा नसतो. वस्ताद त्याच्या खुराकापासून झोपेपर्यंत चौकशी करतो. कौआईच्या मुलांना जे 'एक मोठे माणूस' मिळाले, ते या शहरात पिढ्यान्‌पिढ्या वस्तादाच्या रूपाने उभे होते. शहरातल्या फुटबॉलचे संघही पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल अशी तालमींचीच नावे लावतात आणि पेठेतल्या पोराला घराबाहेरचे दुसरे घर देतात.

खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले. त्या प्रवासासाठी प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांची ताकद सगळ्यांना ठाऊक आहे. मला या प्रसंगात विद्यार्थ्यामागे घर गहाण ठेवून उभा राहिलेला प्राचार्य अधिक मोलाचा वाटतो, कारण संशोधन ज्याला 'आधार' म्हणते तो असा दिसतो.

दुसरे जग भरतीचे. पहाटे साडेचार-पाचला पन्हाळा, राधानगरी, गारगोटीच्या रस्त्यांवर पळणारी मुले-मुली दिसतात ती बहुतेक पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी. दिवसा ती कॉलेजची विद्यार्थी असतात. त्यांचे पळणे कुठल्याही शिफारशीपेक्षा जास्त भरेल. पण त्या पळण्याला वयाची अट आणि घरच्यांची आशा बांधलेली असते. सेकंदाने संधी हुकली की वर्ष जाते. त्यांच्या हृदयाला लाभ होत असणारच. मनाला तोच लाभ होतो का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारायला हवा.

तिसरे जग कष्टाचे. २०१७ मध्ये व्हाइट आणि सहकाऱ्यांनी हालचालीच्या जागेनुसार तिचा मनाशी संबंध तपासला. फावल्या वेळेत स्वखुशीने केलेली हालचाल चांगल्या मनःस्थितीशी जोडलेली निघाली. कामाच्या ठिकाणच्या शारीरिक कष्टांबाबत तसे दिसले नाही, उलट अस्वास्थ्याशीच त्यांचे नाते दिसले. शरीर तेच, घाम तोच. सकाळी जनावरांचे शेण काढून, वैरण आणून, दूध डेअरीला घालून एसटीने कॉलेज गाठणारा करवीर किंवा शाहूवाडीचा मुलगा व्यायामात मोडतो की नाही? कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजचे, कोल्हापूर जिल्ह्यातलेच. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे 'कमवा आणि शिका' योजनेतून कष्टाला वेगळा अर्थ दिला: शेतात राबायचे ते लाचारीने नाही, स्वतःच्या शिक्षणाचे मोल स्वतः फेडण्यासाठी. शिवाजी विद्यापीठातही ही योजना रुजली. कष्टाला अर्थ आणि सन्मान मिळाला की त्याचा मनावरचा परिणाम बदलतो का, हे तपासायला यापेक्षा योग्य जागा कुठली?

चौथे जग मुलींचे, आणि तिथे आकडे गंभीर आहेत. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या २०२४ च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. स्त्रियांत ५७ टक्के, पुरुषांत ४२. तालीम अनेक पिढ्या मुलींना बंदच होती. मुरगूडसारख्या ठिकाणी मुली मॅटवर उतरल्या, तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांनी नेमबाजीत कोल्हापूरचे नाव जगात नेले, हे खरे. पण संध्याकाळी सहानंतर एकटीने पळायला जाऊ शकणारी बी.ए.ची विद्यार्थिनी किती गावांत सापडेल? मुलीच्या बालपणीच्या घावात बऱ्याचदा रस्त्याची, नजरेची भीती मिसळलेली असते, आणि तिला सांगितलेला उपाय त्याच रस्त्यावर ठेवलेला असतो. तिच्यासाठी व्यायामाची जागा सुरक्षित असणे हाच उपायाचा पहिला भाग ठरतो.

सावधगिरी सांगणारे काय म्हणतात

व्यायामाच्या पुरस्काराविषयी तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्हींत तथ्य आहे.

एक, व्यायाम स्वतःच जखमेची जागा असू शकतो. शाळेत उठाबशा ही शिक्षा होती. कित्येकांच्या मनात मैदान आणि अपमान एकत्र बसले आहेत. जो हात पाठीवर असतो तोच कधी गैरवापरही करतो. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर महिला कुस्तीगिरांनी लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन धरणे धरले, तेव्हा खेळाच्या जगातले हे दुखणे सगळ्या देशाने ऐकले. धपापणारे हृदय, चढलेला श्वास ही लक्षणे भीतीच्या झटक्यासारखीच असतात. आघात सोसलेल्या काहींना पहिल्या काही दिवसांत व्यायामानेच घाबरल्यासारखे होते. आणि काही मुले व्यायामात पळून जातात. अमेरिकेतल्या १२ लाख लोकांच्या २०१८ च्या पाहणीत आठवड्यातून तीन ते पाच वेळा सुमारे ४५ मिनिटे व्यायाम करणाऱ्यांचे मन सर्वांत बरे होते. त्याहून फार अधिक करणाऱ्यांचे तितके नव्हते.

दोन, उपचाराचा प्रश्न. ज्याला रात्री झोप लागत नाही, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याला 'जोर काढ, बरे वाटेल' असे सांगणे धोक्याचे आहे. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली आणि राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर होता. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस सेवा मिळते, मराठीतही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत पात्र समुपदेशक असावा असे निर्देश दिले. शारीरिक शिक्षण संचालक प्रत्येक कॉलेजात ओळखीचा असतो. समुपदेशक अजून व्हायचा आहे. या दोघांचे एकमेकांशी बोलणे सुरू झाले तर पुष्कळ काही साधेल.

तीन, जबाबदारीचा प्रश्न. बापाचे कर्ज, जातीचा अपमान, पुरात गेलेले घर ही समाजाची देणी आहेत. त्यांचे ओझे मुलाच्या खांद्यावरून न उतरवता त्याला खांदे मजबूत करायला सांगणे अन्यायाचे आहे, असे समाजशास्त्राकडून येणारे अभ्यासक म्हणतात. व्यायामाच्या बाजूचे उत्तर देतात की समाज बदलेपर्यंत आजच्या विद्यार्थ्याची तीन वर्षे संपून जातात. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. शाहूंनी वसतिगृहे, १९०२ चे आरक्षण आणि १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय आखाड्यासोबतच घेतले होते; त्यांना एकासाठी दुसरे सोडावे लागले नाही.

अजून न उलगडलेले

किती व्यायाम, कोणता, कुणाबरोबर, हे घाव सोसलेल्या तरुणांपुरते आजही ठरलेले नाही. एकट्याने पळणे आणि तालमीत उतरणे यांची चिठ्ठ्या टाकून तुलना झालेली नाही. भरतीचे पळणे आणि हौसेचे पळणे यांतला फरक आपल्याकडे मोजला गेलेला नाही. सोबत हेच औषध असेल, तर भजनी मंडळ, नाट्यसंस्था किंवा ढोलपथकही तेच काम करील. मग व्यायामाचे वेगळे असे काय उरते, याचे उत्तर मेंदूविज्ञान देऊ पाहते, पण तरुणांबाबत तो पुरावा अजून पातळ आहे.

आणि एक प्रश्न फक्त इथलाच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी आहे ४३. आंबेवाडी, प्रयाग चिखली, शिरोळ तालुक्यातली गावे पाण्यात गेली. सात महिन्यांनी टाळेबंदी आली आणि शाळा बंद झाल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर. दोन वर्षांत तीन घाव, आणि ते झेललेली पाचवी-सहावी-सातवीतली मुले आता कॉलेजात येऊ लागली आहेत. ज्यांनी गच्चीवर बसून बोटीची वाट पाहिली, ज्यांच्या गोठ्यातली जनावरे डोळ्यांदेखत गेली, ती आज प्रथम वर्षाच्या बाकावर आहेत. कोणत्याही परदेशी यादीत त्यांचा अनुभव नीट बसत नाही, आणि जगातल्या फार थोड्या विद्यापीठांपाशी अशी एका वयाची, एका नदीकाठची, तालमींच्या शहरात शिकायला आलेली मुले आहेत. त्यांना प्रवेशाच्या वर्षी, नंतर दर सहा महिन्यांनी, पदवीपर्यंत आणि पुढे नोकरी लागेपर्यंत भेटत राहायचे. त्यांची संमती घेऊन, नावे झाकून, समुपदेशक जवळ ठेवून. काहींना तालमीत, काहींना रंकाळ्यावर गटाने चालायला, काहींना नेहमीच्या दिनक्रमात ठेवायचे. मुलींसाठी वेळ आणि जागा त्यांनाच विचारून ठरवायची. मानसशास्त्र, समाजकार्य आणि शारीरिक शिक्षण या तीन विभागांना एकत्र बसून हे करता येण्याजोगे आहे. २०२१ च्या पुरात तिसरी-चौथीत असलेली मुले आज माध्यमिक शाळेत आहेत. त्यांना कॉलेजात पोचायला अजून थोडी वर्षे आहेत.